खुन्नस दिसते, भीती दिसत नाही

आमच्या सांगलीत पोरांची निम्मी भांडणं एकाच वाक्यानं सुरू होतात, "काय बघतोयस रं?" परवा आयर्विन पुलाजवळ भेळेच्या गाडीवर हेच झालं. समोरचं पोरगं उन्हाची तिरीप आली म्हणून डोळे बारीक करून बसलेलं, पलीकडच्या दुसऱ्या एका पोराला वाटलं खुन्नस देतोय, झालं, कॉलरला हात. पोरगं घाबरलं, डोळे हे एवढे मोठे झाले, तर हा म्हणतोय "वर आणि डोळे वटारतोस व्हय!"

म्हणजे एका मिनिटात दोन चुका. ऊन लागलेला चेहरा रागाचा वाटला आणि भ्यालेला चेहरा तर कळलाच नाही. अँटीसोशल पोरांच्या या दोन्ही चुकांवर बराच अभ्यास झालाय.

आधी एक सांगतो, अँटीसोशल म्हणजे लाजाळू, कुणात न मिसळणारा असा अर्थ आपल्याकडं घेतात तो इथं नाही. इथं म्हणजे मारामाऱ्या, चोऱ्या, तोडफोड करणारी पोरं. पहिल्या चुकीवर अमेरिकेत केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञानं 1980 मध्ये काम केलं: हेतू स्पष्ट नसला की मारकुटी पोरं पटकन "मुद्दाम केलं" असंच धरून चालतात. आणि ज्यांनी घरात मार खाल्लाय त्या पोरांना तर राग अगदी थोडा चेहऱ्यावर आला तरी लवकर ओळखू येतो, साहजिकच आहे, बापाचं तोंड वाचता आलं नाही तर पाठीवर वळ उठणार.

दुसरी चूक मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. 2008 मध्ये मार्श आणि ब्लेअर या संशोधकांनी 20 अभ्यास एकत्र तपासले, तर समाजविघातक वागणाऱ्यांना सगळ्यात जास्त अडचण भीतीचा चेहरा ओळखताना येते असं दिसलं. भीती मुख्यतः डोळ्यांत असते, वरची पापणी उचलली जाते, पांढरं जास्त दिसतं. ऑस्ट्रेलियात मार्क डॅड्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये काय केलं, ज्यांना दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही, गिल्ट नाही, अशा मुलांना फोटो दाखवले. भीती ओळखण्यात ती मागं. मग सांगितलं, फोटोतल्या डोळ्यांकडं बघा. बास, एवढंच, आणि तेवढ्यापुरता का होईना फरक गेला! मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग नजर डोळ्यांकडं वळवायला मदत करतो, तिथं काहीतरी वेगळं चालत असावं असं मानतात.

भेळवाल्यानं यातलं काही वाचलेलं नसणार, पण तो ओरडला, "आरं त्याच्या तोंडाकडं बघ की, भ्यालंय ते!" आणि कॉलरचा हात ढिला पडला. ही एकच घटना, याला पुरावा म्हणत नाही मी.

आता सगळी मारकुटी पोरं अशीच असतात असं पण नाही. काही दादा लोकांना समोरच्याची भीती चांगली कळते, उलट कळते म्हणून तर तिथंच दाबतात, कळणं आणि वाईट वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना फोटो दाखवून काय होणार, मला शंकाच आहे.

बाकीच्यांसाठी मात्र ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये 2015 ला एक प्रयोग छापून आला, गुन्हे केलेल्या पन्नासेक मुलांपैकी काहींना चेहरे ओळखायचं ट्रेनिंग दिलं, सगळं मिळून दोनेक तास. पुढच्या सहा महिन्यांत या मुलांनी केलेले गुन्हे बाकीच्यांपेक्षा कमी गंभीर निघाले. थांबले नाहीत, पण कमी गंभीर.