उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजर कसे निवडावे

आमच्या धान्य दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, इंदूर

उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून ठेवण्याची पद्धत इंदूरच्या मराठी घरांत अजून टिकून आहे, आणि पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे ठरावीक तक्रारी येऊ लागतात: कोठीमागे लेंड्या दिसल्या, पोत्याचा कोपरा कुरतडला गेला, रात्री माळ्यावर खुडबुड ऐकू येते. मल्हारगंज आणि रामबागेकडील जुन्या घरांत राहणारे अनेक ग्राहक अशा वेळी आम्हाला एखादे चांगले मांजर सुचवण्यास सांगतात. आम्ही मांजरे विकत नाही. परंतु धान्याच्या गोदामात मांजर बाळगण्याचा आमचा अनुभव मोठा आहे, म्हणून त्यासंबंधी आमचे मत येथे सविस्तर देत आहोत.

मांजर निवडताना बहुतेक लोक पिल्लाचा रंग पाहतात. आमचे सांगणे असे की आधी पिल्लाची आई पाहावी. झडप घालण्याची ओढ प्रत्येक पिल्लात उपजत असते, परंतु उंदीर कसा धरावा आणि कोठे चावून मारावा हे ते बरेचसे आईपाशी शिकते. पिल्ले साधारण महिन्याची झाली की शिकारी मांजरी त्यांच्यापुढे आधी मेलेला आणि पुढे अर्धमेला उंदीर आणून टाकते आणि स्वतः बाजूला बसून राहते. हे शिक्षण पुरे होण्याआधीच उचललेले पिल्लू पुढे उंदराशी खेळत बसते, मारत नाही, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून ज्या घरी वा दुकानात मांजरी स्वतः उंदीर धरते, तेथूनच पिल्लू घ्यावे, आणि ते किमान आठ आठवड्यांचे, शक्य असल्यास दहा-बारा आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहू द्यावे. त्याच काळात, विशेषतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, माणसांनी त्याला हाताळलेले असावे. नाहीतर ते शिकारी निघेल, पण घरात ठरणार नाही.

पिल्लाची परीक्षा घरच्या घरी घेता येते. सुतळीच्या टोकाला कागदाचा बोळा बांधून तो जमिनीवरून सरळ ओढत न्यावा आणि दाराआड किंवा पाटाखाली नाहीसा करावा. काही पिल्ले लगेच दुसरीकडे वळतात. चांगले पिल्लू मात्र बोळा जेथे दिसेनासा झाला त्या जागेकडे टक लावून बसते. आमच्या गोदामातील राखी पट्ट्यांची मांजरी पोत्यांच्या दोन थप्प्यांमधील फटीसमोर अर्धा-पाऊण तास अशी बसलेली असते की तिच्या शेपटीचे टोक तेवढे हलते. हा धीर चपळाईपेक्षा अधिक मोलाचा आहे. त्यानंतर पिल्लाच्या पाठीमागे कागद हळूच चुरगाळून पाहावा. उंदरांचे अतिशय बारीक, आपल्याला ऐकूही न येणारे आवाज मांजर टिपते, त्यामुळे कान तीक्ष्ण असणे अत्यावश्यक आहे. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांमध्ये बहिरेपण बरेच आढळते, म्हणून तेथे ही परीक्षा टाळू नये. एरवी रंगाचा शिकारीशी संबंध नाही. चपट्या तोंडाची, लांब केसांची पर्शियन मांजरे या कामासाठी आम्ही सुचवत नाही. आपले साधे देशी मांजर सर्वांत योग्य.

बोका की मांजरी, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. दोघांचीही नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करून घ्यावी. तिने शिकारीची ओढ जात नाही, उलट बोक्याचे भटकणे कमी होते.

मांजर उपाशी ठेवले तरच ते उंदीर धरते, हा समज आम्हाला मनापासून खोडून काढावासा वाटतो. पोट भरलेले मांजरही शिकार करते, कारण झडप घालण्याची ओढ भुकेवर अवलंबून नसते. उपाशी मांजर अशक्त होते आणि अन्न शोधत दुसऱ्याच्या घरी जाते. आमच्या पुष्कळ शाकाहारी ग्राहकांकडे मांजराला केवळ दूध-पोळी मिळते, आणि ती प्रेमानेच दिली जाते. तरीही ते पुरेसे नाही. मांजराला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो आणि त्याच्या कमतरतेने दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. मांस शिजवायचे नसल्यास मांजरांसाठीचे तयार खाद्य द्यावे. कुत्र्यांचे खाद्य चालणार नाही.

मांजराकडून अपेक्षा कोणती ठेवावी, हेही स्पष्ट असावे. पंधरा-वीस ग्रॅमचा घरातील छोटा उंदीर हे त्याचे खरे भक्ष्य आहे. मोरीतून येणारी घूस किंवा गटारातील मोठा उंदीर यांच्या वाटेला बहुतेक मांजरे जात नाहीत. न्यू यॉर्कमधील एका कचरा-पुनर्वापर केंद्रातील निरीक्षणे २०१८ साली प्रसिद्ध झाली. तेथे ७९ दिवसांच्या चित्रणात मांजरांनी दोनच मोठे उंदीर मारलेले आढळले. घुशींसाठी मोरीला मजबूत जाळी आणि पिंजरा हाच उपाय आहे.

घरात मांजर आणायचे असेल तर उंदरांचे विष त्याआधी पूर्णपणे काढून टाकावे. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंदपणे फिरत राहतो. तोच मांजराच्या तावडीत सहज सापडतो आणि विष मांजराच्या पोटात जाते. झिंक फॉस्फाइडही तितकेच घातक आहे. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने माळ्यावर ठेवलेल्या जुन्या वड्यांमुळे दोन वर्षांची गुणी मांजरी गमावली, म्हणून ही सूचना आम्ही आग्रहाने करीत आहोत.

रेबीजची आणि इतर लस, तसेच जंतांचे औषध वेळेवर द्यावे, कारण उंदीर खाणाऱ्या मांजराला पट्टकृमी सहज होतात. घरात गर्भवती स्त्री असल्यास मांजराची विष्ठा दुसऱ्याने आणि रोजच्या रोज काढावी.

नवे मांजर पहिले दोन-तीन आठवडे एकाच खोलीत ठेवावे आणि मग रात्री कोठीच्या खोलीचे दार उघडे ठेवावे. तत्पूर्वी भिंतीतील फटी मात्र बुजवाव्यात, कारण सहा मिलिमीटरच्या फटीतूनही छोटा उंदीर आत येतो आणि मादीला दर खेपेस पाच-सहा पिल्ले होतात. उघड्या वाटांपुढे एकटे मांजर पुरे पडत नाही. गहू पोहोचवायला येणारा आमचा माणूस आपण सांगितल्यास कोठीमागील फटी पाहून देईल. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.