पन्नास, शहात्तर आणि ३९ टन: छोट्या प्रादेशिक जेटमधील सोयीची पार्श्वभूमी

पन्नास आसनी जेटच्या दोन्ही प्रमुख मॉडेलांचा सांगाडा उसना होता. १९९२ मध्ये सेवेत आलेले कॅनडाच्या बॉम्बार्डियरचे सीआरजे-१०० आणि त्याचा पुढचा अवतार सीआरजे-२०० हे चॅलेंजर या बिझनेस जेटला सुमारे सहा मीटर लांबवून तयार झाले. ब्राझीलच्या एम्ब्रेअरच्या ईआरजे-१४५ चा आडवा छेद त्याच कंपनीच्या ब्राझिलिया या तीस आसनी टर्बोप्रॉपचा, म्हणजे पुढे पंखे असलेल्या विमानाचा. नव्या व्यासाचे धड बनवायचे तर सुटे भाग, साचे, चाचण्या सगळे पुन्हा करावे लागते, ते टळले. प्रवाशाच्या वाट्याला जे आले ते या काटकसरीतून.

सीआरजे-२०० मध्ये खिडकीबाहेर पाहायला मान वाकवावी लागते, याचे कारण हेच. खिडक्यांची उंची चॅलेंजरमधल्या ऐसपैस, खालच्या खुर्च्यांना साजेशी होती. तिथे दोन-दोनच्या रांगा बसवल्यावर काचा खांद्याच्या खाली गेल्या. मधल्या वाटेत उंची १.८५ मीटर, म्हणजे सहा फुटी माणसाचे डोके छताला जेमतेम लागत नाही. ईआरजे-१४५ मध्ये ती १.८२ मीटर आणि केबिनची रुंदी २.१ मीटर. तिथे डावीकडे एकच आसन, उजवीकडे दोन, आणि सामानाचे कप्पे फक्त उजवीकडे. एकट्या प्रवाशाला डावीकडचे आसन उत्तम: खिडकीही त्याची, वाटही त्याची. बॅग मात्र समोरच्याच्या डोक्यावर. दोन्ही विमानांत चाकांची केबिन बॅग वरच्या कप्प्यात बसत नाही. ती शिडीपाशी खूणचिठ्ठी लावून द्यायची आणि उतरल्यावर तिथेच थांबून घ्यायची.

इंजिने शेपटीकडे असल्यामुळे पुढच्या रांगा शांत आणि मागच्या गोंगाटाच्या. शौचालयही मागेच असल्याने शेवटच्या दोन रांगा ज्याने त्याने टाळाव्यात. उन्हाळ्यातली तक्रार मात्र जमिनीवरची असते. उड्डाणाआधी थंड हवा शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनावर मिळते. ते बिघडलेले असले तरी विमान नियमानुसार उडू शकते, पण मग बाहेरून थंड हवेची गाडी जोडावी लागते, आणि दूरच्या स्टँडवर ती दर वेळी येतेच असे नाही. शिवाय मुख्य इंजिन सुरू करताना दाबाची सगळी हवा त्यासाठी लागते. वातानुकूलन तेवढ्यापुरते बंद होते आणि केबिन पाहता पाहता तापते.

पन्नास हा आकडा आरामाचा नव्हे, कर्मचाऱ्यांचा. पन्नास आसनांपर्यंत एक केबिन कर्मचारी पुरतो, एक्कावन्नाव्या आसनाला दुसरा लागतो. दोन्ही उत्पादक त्याच रेषेवर येऊन थांबले, यात योगायोग नाही.

पण पुढची तीस वर्षे ज्याने बांधून ठेवली तो आकडा अमेरिकेतल्या वैमानिकांच्या करारांतला. मोठ्या विमान कंपन्या आपली तिकिटे विकून उड्डाणे मात्र स्वस्त पगाराच्या प्रादेशिक कंपन्यांकडून करून घेऊ लागल्या. आपले काम हळूहळू तिकडे सरकेल ही मुख्य कंपन्यांतल्या वैमानिकांची भीती अजिबात निराधार नव्हती. म्हणून करारात ‘स्कोप क्लॉज’ आला: बाहेरच्याने चालवायचे विमान इतक्याच आसनांचे, इतक्याच वजनाचे, आणि अशी विमाने इतकीच. २००१ नंतरच्या दिवाळखोऱ्यांत आसनांची मर्यादा पन्नासावरून सत्तर, मग शहात्तरपर्यंत सैल झाली. कमाल उड्डाणवजन ८६,००० पौंडांवर, म्हणजे सुमारे ३९ टनांवर अडले, ते आजही तिथेच आहे. वैमानिकांना दोष देणे सोपे आहे, पण कलमाची गरज ज्या स्वस्त कंत्राटांनी निर्माण केली ती वैमानिकांनी केलेली नव्हती.

याचा केबिनवर झालेला परिणाम विचित्र आहे. सीआरजेच्या लांब आवृत्तीत, सीआरजे-९०० मध्ये, नव्वद आसने बसतात. शहात्तरच परवानगीची असल्याने उरलेल्या जागेत बारा मोठी आसने आणि पुढच्या रांगांत जास्त अंतर आले. एम्ब्रेअरच्या मोठ्या ई-१७५ चेही तेच. आराम मिळाला, पण कोणी ठरवून दिलेला नाही. आसनांवरच्या बंदीमुळे उरलेल्या जागेतून मिळालेला.

पुढे २०१९ मध्ये हेच टोकाला नेले गेले. सत्तर आसनी सीआरजे-७०० मध्ये पन्नासच आसने ठेवून सीआरजे-५५० तयार झाले: १० प्रथम वर्गाची, २० जास्त पायजागेची, २० साधी, आणि सामानासाठी चार कपाटे. बॅग शिडीपाशी द्यावी लागत नाही. पन्नास आसनी गटाची वजनमर्यादा ६५,००० पौंड, म्हणून त्याचे प्रमाणित कमाल वजनही तेवढेच उतरवले गेले.

उलट बाजूही आहे. २००४ मध्ये सेवेत आलेल्या एम्ब्रेअरच्या ई-जेट मालिकेसाठी प्रथमपासून नवे धड आखले गेले. एकावर एक दोन गोलाकारांचा छेद, रुंदी २.७४ मीटर, उंची दोन मीटर, मधले आसन नाही. आसन सव्वा अठरा इंच, बोइंग ७३७ च्या सुमारे सतरा इंचांपेक्षा ऐसपैस. याच मालिकेतल्या ई-१७५ ची नवी, कमी इंधन पिणारी आवृत्ती ई-१७५-ई२ डिसेंबर २०१९ मध्ये उडाली. नवे इंजिन जड, कमाल वजन ४४.८ टन. अमेरिकी कलमात ती बसत नाही आणि दुसरे मोठे गिऱ्हाईक नाही, त्यामुळे काम थांबवून ठेवले आहे. तिथले प्रवासी आजही जुन्याच ई-१७५ मध्ये बसतात.

कोल्हापूर, नांदेड, बेळगावच्या प्रवाशांना एम्ब्रेअरची ही दोन्ही घराणी ओळखीची आहेत. आधी पन्नास आसनी ईआरजे-१४५ आले, २०२३ पासून बारा बिझनेस आणि चौसष्ट साध्या आसनांचे ई-१७५. इथेही आकडा शहात्तर, पण रेषा वेगळ्या. सरकारी विमानतळांवर ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानाला उतरण्याचे शुल्क माफ, आणि कमाल उड्डाणवजन ४०,००० किलोंच्या आत असेल तर इंधनावरच्या विक्रीकरात सवलत. ई-१७५ वेगवेगळ्या प्रमाणित वजनांत मिळते: एक ३८,७९० किलोंचे, एक चाळीस टनांच्या किंचित वरचे. जास्त वजनाचे विमान जास्त इंधन घेऊन लांब जाते. इथल्या तास-दीड तासाच्या मार्गांना त्याची गरज नाही, आणि करही महाग पडतो.