मीमची बदलती उगमस्थाने

इंटरनेटवरील मीम म्हणजे मूळ संदर्भातून उचललेले आणि प्रत्येक टप्प्यावर थोडेफार बदलत पसरणारे चित्र, वाक्य किंवा चित्रफीत. ही संज्ञा जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये सांस्कृतिक अनुकरणाच्या एककासाठी योजली. इंटरनेटच्या संदर्भात तिचा वापर अमेरिकी वकील माइक गॉडविन यांनी १९९४ मध्ये, यूझनेट या जुन्या ऑनलाइन चर्चाजाळ्यावरील वादांविषयी लिहिताना केला. १९९६ चे ‘डान्सिंग बेबी’, म्हणजे नाचणाऱ्या बाळाचे संगणकीय चलचित्र, ईमेलमधून पसरले.

खरे वळण २००३ मध्ये सुरू झालेल्या फोरचॅन या चित्रे टाकण्याच्या संकेतस्थळाने दिले. तेथे नाव सांगावे लागत नसे आणि जुना मजकूर लवकरच पुसला जाई; त्यामुळे जे चित्र लोकांना आवडे ते पुन्हापुन्हा टाकले जाई आणि जे कोणी जपून ठेवत नसे ते नाहीसे होई. लोलकॅट (मांजरांची चित्रे व त्यांवर मुद्दाम अशुद्ध इंग्रजी ओळी) आणि रिकरोल (फसव्या दुव्यातून रिक ॲस्टली यांचे गाणे ऐकवण्याची खोडी) याच वातावरणातून आले. पुढे रेडिट या चर्चा-संकेतस्थळावर आणि ट्विटरवर खातेदाराचे नाव व वेळ नोंदली जाऊ लागल्याने मूळ शोधणे काहीसे सोपे झाले. टिकटॉकने आवाजालाच साचा बनवले: तोच आवाज, त्यावर प्रत्येकाची नवी चित्रफीत. भारतात जून २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि ती जागा मुख्यतः इन्स्टाग्राम रील्सने घेतली.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील बहुसंख्य मराठी भाषकांच्या हाती हा प्रकार आला तो २०१६ नंतर, स्वस्त मोबाइल डेटाबरोबर; आधीचे टप्पे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असतील. साचा बहुधा हिंदी चित्रपटातील प्रसंगाचा, पण खालची ओळ अस्सल बेळगावी, वाक्याच्या शेवटी ‘की’ लावणारी आणि अधूनमधून कानडी शब्द घेणारी: ‘फाटक पडलंय की रे, आता बस इथंच!’ विषय कुंदा या बेळगावी मिठाईचा, न थांबणाऱ्या पावसाचा, रेल्वे फाटकावरच्या खोळंब्याचा. कर्नाटकाचा स्थापना दिवस म्हणजे राज्योत्सव आणि त्याच्या निषेधार्थ सीमाभागातील मराठी भाषक पाळतात तो काळा दिन, दोन्ही १ नोव्हेंबरलाच येत असल्याने सीमाप्रश्नालाही त्यात जागा मिळते, आणि विनोदाची धार तेथे सहज वाढते.

अशा चित्राच्या कोपऱ्यात मूळ पेजचे चिन्ह असते. पुढचा ते कापतो आणि आपले चिकटवतो. व्हॉट्सॲपवर तर दुहेरी बाणाची खूण एवढेच सांगते की मजकूर अनेकदा पुढे पाठवलेला आहे. कोणाकडून, हे ती सांगत नाही, आणि संदेश कूटबद्ध असल्याने बाहेरच्या अभ्यासकालाही त्याचा माग काढता येत नाही.