वीज गेली की वही कोरी : जुना पीडीए निवडताना आणि सांभाळताना

पाम, कॉम्पॅक, सोनी यांचे हातात मावणारे पीडीए (पर्सनल डिजिटल असिस्टंट, म्हणजे खिशातली इलेक्ट्रॉनिक वही) दुकानांतून गेले त्याला दीड दशकाहून जास्त काळ लोटला. तरी जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना आजही गिऱ्हाईक आहे, आणि त्याची कारणं पक्की आहेत. बटण दाबलं की त्याच क्षणी यंत्र तयार असतं, मध्येच कुठली सूचना वाजत नाही, आणि करड्या पडद्याची मॉडेल्स भर उन्हात स्पष्ट वाचता येतात. नाव-पत्ते, भेटीगाठी, कामांची यादी आणि टिपणं या चार कामांसाठी ती बनवली होती आणि ती कामं ती अजूनही चोख करतात.

पण घेणारा माणूस सहसा प्रोसेसर किती मेगाहर्ट्झचा आणि पडदा रंगीत आहे का, एवढंच बघतो. खरं तर पहिला प्रश्न वेगळा हवा : आपण लिहिलेलं या यंत्रात नेमकं कुठे राहतं, आणि ते टिकवून कोण धरतं?

मार्च १९९६ मध्ये आलेल्या पामच्या ‘पायलट १०००’मध्ये १२८ किलोबाइट आणि ‘पायलट ५०००’मध्ये ५१२ किलोबाइट मेमरी होती. ही सगळी मेमरी म्हणजे रॅम. ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी रॉममध्ये पक्की बसवलेली. बाकी तुमचे पत्ते, टिपणं, नंतर टाकलेली सॉफ्टवेअर्स हे सगळं रॅममध्ये. रॅमला वीज मिळते तोवरच त्यातलं टिकतं. म्हणून या यंत्राचं बटण बंद केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही. पडदा विझतो, प्रोसेसर झोपतो, पण रॅमकडे विजेची बारीक धार चालूच राहते.

ही रचना जाणूनबुजून केलेली होती. प्रोग्रॅम जिथे साठवलेला आहे तिथेच तो चालतो. डिस्कवरून उचलून मेमरीत आणण्याची पायरीच नाही, त्यामुळे वाट बघणं नाही. लिहिलेलं अक्षर थेट साठवणीच्या जागीच पडतं, म्हणून ‘सेव्ह’ असं बटणही नाही. मोटोरोलाचा १६ मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर त्यामुळेच पुरेसा चपळ वाटायचा. दोन टिचक्यांच्या मधल्या वेळात तो डुलकी घ्यायचा, मागून दिवा नसलेला पडदा नाममात्र वीज खायचा, आणि रिमोटमध्ये घालतो तसले दोन बारीक ट्रिपल-ए सेल काही आठवडे पुरायचे.

या रचनेचा नाजूक क्षण म्हणजे सेल बदलणं. दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे ‘एक काढून एक घालू’ ही युक्ती चालत नाही. एक काढला तरी मंडल तुटतंच. त्या वेळात रॅमला एक कपॅसिटर तगवतो. पामच्या पुस्तिकांमध्ये यासाठी एका मिनिटाची मुदत दिलेली असे. आज वीस-पंचवीस वर्षांचा झालेला कपॅसिटर तेवढा दम धरेलच असं नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी संगणकावर बॅकअप, मग यंत्र बंद, नवे सेल वेष्टनातून काढून दिशा पाहून हाताशी, मगच जुने काढायचे. सेल संपत आल्यावर पडदा चालू व्हायचा थांबतो, पण त्या क्षणी माहिती गेलेली नसते. रॅमपुरती वीज साधारण आठवडाभर शिल्लक असते. तो आठवडा तसाच जाऊ दिला तर मात्र वही कोरी.

अल्कलाइन सेल आत ठेवून यंत्र कपाटात टाकणं याहून मोठा घात नाही. सेल पाझरला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि पट्ट्यांवर पांढरा-हिरवट थर चढतो. सेल काढून, व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो विरघळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. थर सर्किटपर्यंत उतरला असेल तर ते यंत्र घेऊच नये. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल चालतात, पण त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो. पडद्यावरचा बॅटरीचा आकडा त्यामुळे सुरुवातीपासूनच कमी दिसतो आणि शेवटी एकदम कोसळतो. त्या आकड्यावर विसंबू नका, ठरावीक दिवसांनी सेल चार्ज करा.

२००० साली आलेल्या कॉम्पॅक आयपॅक एच ३६०० मालिकेने दुसरी वाट धरली. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ मेगाबाइट रॅम, २४० × ३२० चा रंगीत पडदा. कागदावर तो पामपेक्षा कितीतरी वरचढ होता. पण तुमची माहिती इथेही रॅममध्येच, बॅटरी मात्र आत बसवलेली लिथियम पॉलिमर. ती म्हातारी झाली की चार्जरवरून काढलेलं यंत्र स्वतःच सगळं विसरतं, आणि सेल बदलण्यासाठी कवच उघडावं लागतं. पाम ५ मध्ये तर कवचाचे दोन भाग डिंकानेच चिकटवलेले आहेत. गरम हवा देऊन ते सोडवताना पडदा तडकण्याचा धोका असतो. रॅम आणि आत बंद झालेली जुनी लिथियम बॅटरी ही जोडी आज सगळ्यात वाईट, मग यंत्र कितीही देखणं असो.

२००४ च्या सुमारास पामने फ्लॅश मेमरी आणली. वीज पूर्ण गेली तरी तिच्यातलं टिकतं. मात्र पामची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे पाम ओएस, रॅमच्या सवयीवर वाढलेली होती. तिला एकेक बाइट हवा तेव्हा बदलायचा असे, आणि फ्लॅश तर ठोकळ्यांनी लिहिली जाते. ट्रिओ ६५० या पामच्या फोनमध्ये सुरुवातीला प्रत्येक नोंद, कितीही छोटी असली तरी, ५१२ बाइटचा ठोकळा अडवून बसायची. जुन्या यंत्रात आरामात मावणारी पत्त्यांची यादी नव्यात मावेना. पुढे सुधारित सॉफ्टवेअरने हे निस्तरलं. फ्लॅशवाली यंत्रं एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना किंचित अडखळतात, ते याच व्यवस्थेमुळे.

माहिती कुठे ठेवायची, याच प्रश्नाचं वेगळं उत्तर भारतात दिलं गेलं होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे अभियंते यांच्या पुढाकाराने आकाराला आलेला ‘सिम्प्युटर’ लिनक्सवर चालायचा, आणि त्याला स्मार्ट कार्डाची खाच होती. यंत्र गावाचं सामाईक; प्रत्येकाची माहिती त्याच्या त्याच्या कार्डावर. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि पिकोपेटा या कंपन्यांनी २००४ मध्ये ‘अमिडा सिम्प्युटर’ विक्रीस आणला. यंत्र आडवं-उभं हलवलेलं ओळखणारा सेन्सर त्यात तेव्हाच होता. विक्री अपेक्षेच्या मानाने फारच कमी झाली. पण माहिती यंत्रापासून वेगळी ठेवण्याचा विचार अतिशय शहाणा होता आणि त्याला मिळायला हवी होती तेवढी दाद मिळाली नाही.

मग आज काय घ्यावं? नुसत्या नोंदींसाठी हवा असेल तर पाम थ्रीएक्सई. ८ मेगाबाइट रॅम, १६० × १६० चा करडा पडदा आणि ट्रिपल-ए सेल. सेल कुठल्याही दुकानात मिळतात, म्हणजे बॅटरी म्हातारी होण्याचा प्रश्नच संपतो. शिवाय त्याची संगणकाशी जोडणी साध्या सीरियल केबलची आहे, याचा फायदा पुढे दिसेल. रंगीत पडदा, पुस्तकं वाचणं, मेमरी कार्ड हवं असेल तर २००५ ची टंगस्टन ई२ किंवा टीएक्स. दोन्हींत फ्लॅश आहे; टीएक्सचा पडदा ३२० × ४८० आणि प्रोसेसर ३१२ मेगाहर्ट्झ. टीएक्समधल्या वायफायवर पैसे मोजू नका. ते ८०२.११बी या जुन्या पिढीचं आहे, आणि आजची सुरक्षित संकेतस्थळं त्याच्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. कार्ड घालायचं तर २ जीबीपर्यंतचं साधं एसडी. त्याहून मोठी एसडीएचसी कार्ड ही यंत्रं मुळातून ओळखत नाहीत.

विकणाऱ्यासमोरच करायच्या काही तपासण्या आहेत. सेलचा कप्पा उघडून पट्ट्या बघा. मग हार्ड रीसेट करा : चालू-बंदचं बटण दाबून धरायचं, मागच्या भोकात पेपर क्लिपचं सरळ केलेलं टोक हलकं दाबून सोडायचं, नंतर बटण सोडायचं आणि पडद्यावर विचारणा आली की वरचं स्क्रोल बटण दाबायचं. सगळी माहिती पुसली जाते आणि आधीच्या मालकाने टाकलेल्या सॉफ्टवेअरची भानगड मिटते. नुसतं भोकातलं बटण दाबणं म्हणजे सॉफ्ट रीसेट. त्यात माहिती जात नाही. यंत्र अडकलं तर पहिला उपाय तोच. सेलवाल्या मॉडेलवर एक ओळ लिहा, सेल काढा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा घाला. ओळ जागेवर असेल तर कपॅसिटर शाबूत आहे. इन्फ्रारेड तपासायचं तर नोंद ‘बीम’ करताना, म्हणजे इन्फ्रारेडने दुसऱ्या यंत्राकडे पाठवताना, त्याची खिडकी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात ती उजळलेली दिसते.

पडद्याला जास्त वेळ द्या. हा रेझिस्टिव्ह टचस्क्रीन आहे : खाली काच, वर लवचीक प्लास्टिक, दोन्हींच्या आतल्या बाजूंना वीज वाहणारा पारदर्शक लेप आणि मध्ये अतिसूक्ष्म अंतर. स्टायलसचं, म्हणजे लिहायच्या काडीचं, टोक दाबलं की लेप एकमेकांना टेकतात. एका लेपाच्या दोन कडांना विजेचा दाब देऊन दुसऱ्यावर तो किती उतरला हे मोजलं की आडवी जागा कळते, मग अदलाबदल करून उभी. हे मोजमाप लेपाच्या झिजेनुसार सरकतं, म्हणून सेटिंगमध्ये ‘डिजिटायझर’ निवडून दाखवलेल्या खुणांवर टोक ठेवावं लागतं. खुणा जुळवूनही टिचकी शेजारच्याच अक्षरावर पडत असेल तर बहुधा चौकटीखाली कचरा अडकून कडेला सतत दाब पडतोय. जाड कागदाची कड चौकट आणि पडदा यांच्या फटीतून चारही बाजूंनी हळूच फिरवा. तरीही टिचकी सरकत राहिली, तर लेपच गेला आहे. लिहिण्याची खालची चौकट सर्वांत आधी झिजते. तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कापून लावावा, आणि स्टायलस हरवला म्हणून बॉलपेनच्या टोकाने कधीही लिहू नये.

ती चौकट ‘ग्राफिटी’ या पामच्या हस्तलेखन पद्धतीसाठी आहे. १९९३ च्या ॲपल न्यूटन या पीडीएने माणसाचं नेहमीचं, अक्षरं एकमेकांना जोडून लिहिलेलं इंग्रजी लेखन वाचायचा प्रयत्न केला. एक अक्षर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, तिथेच तो फसला. पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी प्रश्न उलटा धरला : बहुतेक प्रत्येक अक्षर एकाच रेघेत. टोक टेकलं की अक्षर सुरू, उचललं की संपलं. तोडणीचा प्रश्नच उरत नाही. ए म्हणजे मधली आडवी रेघ नसलेलं उलटं व्ही. अक्षरं चौकटीच्या डाव्या भागात, अंक उजव्या. अक्षरांवर अक्षरं त्याच जागी लिहीत जायचं. चुका होतात त्या मुख्यतः अक्षर फार लहान काढल्याने किंवा मनगट चौकटीवर टेकल्याने. चौकटीची उंची भरेल एवढं मोठं आणि सरळ अक्षर काढलं की ओळख झपाट्याने सुधारते.

संगणकाशी माहिती जुळवण्याचं ‘हॉटसिंक’ हे या यंत्रातलं सर्वांत सुंदर काम. प्रत्येक नोंदीला तीन बाइटचा स्वतंत्र क्रमांक आणि एक बाइट गुणधर्मांचा असतो. त्या एका बाइटमध्ये चार बिट खुणांचे : बदलली, पुसायची, वापरात, खासगी. उरलेले चार वर्गवारीचे. म्हणूनच पाममध्ये १६ पेक्षा जास्त वर्ग करता येत नाहीत. मागच्या वेळचाच संगणक असेल तर फक्त ‘बदलली’ खूण असलेल्या नोंदी जातात आणि काही सेकंदांत काम संपतं. दुसऱ्या संगणकाला जोडलं की प्रत्येक नोंद तुलना करून बघावी लागते. एकाच पीडीएला दोन संगणक लावले की वेळ का लागतो, ते इथे कळतं. आणि ‘खासगी’ ही निव्वळ एका बिटाची खूण आहे, जुन्या पाम ओएसमध्ये त्यामागे कूटलेखन (एन्क्रिप्शन) नाही. बँकेचे पासवर्ड तिच्या भरवशावर ठेवू नका, आणि यंत्र विकण्याआधी हार्ड रीसेट कराच.

जोडणीत अडचण येते ती यूएसबीवाल्या मॉडेल्सना, कारण पामने ६४-बिट विंडोजसाठी यूएसबी ड्रायव्हर काढलाच नाही. सीरियल केबलचा पाम मात्र यूएसबी-ते-सीरियल अडॅप्टर लावून आजच्या संगणकालाही जोडता येतो, अडॅप्टरचा ड्रायव्हर ६४-बिट असला की झालं. ई२ आणि टीएक्सला ब्लूटूथचा मार्ग आहे. लिनक्सवर जे-पायलट हे सॉफ्टवेअर वापरावं; ते नोंदी साध्या सीएसव्ही फाइलमध्येही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर) काढून देतं.

आतली लिथियम बॅटरी बदलायची असेल तर जुनीची जाडी, रुंदी, लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. सेलवरचा ५०३४५० असा आकडा म्हणजे ५.० × ३४ × ५० मिमी. ३.७ व्होल्टचा, संरक्षक सर्किट असलेलाच सेल घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत आकार सांगून चौकशी करता येते. जुन्या बॅटरीला तीन तारा असतील तर तिसरी बहुधा तापमान मोजण्याची असते, आणि ती नुसती मोकळी सोडली तर यंत्र चार्जिंगच नाकारू शकतं. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

दोन मर्यादा आधीच माहीत असलेल्या बऱ्या. इंग्रजी पाम ओएस एका अक्षराला एकच बाइट देते, देवनागरीला तिच्यात जागा नाही. मराठी नावं रोमन लिपीतच लिहावी लागतात. आणि पामची तारीख १६ बिटांत मावते : दिवसाला पाच, महिन्याला चार, वर्षाला सात. सात बिटांत १२७ पर्यंतच मोजता येतं आणि मोजणी १९०४ पासून सुरू होते. त्यामुळे या वहीत ३१ डिसेंबर २०३१ नंतरची कुठलीही भेट नोंदवता येणार नाही. दरवर्षी आपोआप येणारे वाढदिवस त्याआधीच सीएसव्हीत काढून ठेवावेत.