मालवाहतूक (अंतराळ सिम्युलेशन खेळांतील)

अंतराळ सिम्युलेशन खेळात एका स्थानकावरचा माल यानात भरून दुसरीकडे पोचवणे व त्यातून भाडे किंवा नफा मिळवणे, याला मालवाहतूक म्हणतात. १९८४ सालच्या ‘एलिट’मध्ये खेळाडू १०० क्रेडिट (खेळातले चलन) आणि २० टन माल मावणाऱ्या यानाने सुरुवात करी, माल म्हणजे यादीतला आकडा होता. ‘स्टार सिटिझन’मध्ये १.२५ मीटर बाजूचा घन हे माप धरून मालाच्या पेट्या झाल्या आणि त्या उचलून लावाव्या लागू लागल्या.

मालवाहतुकीच्या खेळाची गोडी प्रवासापेक्षा भरणीत जास्त आहे. नागपुरात ती समजून घ्यायला अमरावती रस्त्यावरचे वाडी हे ट्रक वाहतुकीचे ठिकाण आणि कळमन्याचा शेतमालाचा बाजार पुरेसे आहेत. वाडीहून एका ट्रकात तीन गावांचा माल निघतो तेव्हा शेवटच्या गावाचा माल आधी चढतो, केबिनला लागून. पहिल्या गावाचा फाळक्याजवळ राहतो. क्रम चुकला की पहिल्याच थांब्यावर अर्धी गाडी उपसावी लागते. खेळाडूलाही ही चूक करता आली पाहिजे. पेट्या आपोआप रचून देणारे बटण ठेवले, तर हमालाचे डोकेच खेळातून काढून टाकल्यासारखे होते.

कळमन्यात संत्र्याच्या क्रेटचे थर वाढवले की खालची फळे दबतात. सळईला ती भीती नाही. म्हणून प्रत्येक पेटीला वजन, वरचा भार सोसण्याची मर्यादा आणि नासण्याची मुदत असे तीन गुण द्यावेत.

वजन हाताला जाणवले पाहिजे. रिकामे यान १०० टनांचे, रोधक इंजिनांचा जोर ३० लाख न्यूटन आणि वेग सेकंदाला २०० मीटर असेल, तर ते सुमारे ६६७ मीटरांत थांबते. त्यात २०० टन माल भरला की तेच अंतर २,००० मीटर होते. गोदीच्या दारात नवखे आदळतात ते यामुळेच. त्यामुळे थांबण्याचे अंतर पडद्यावर सतत दिसावे. माल एका बाजूला भरला तर गुरुत्वमध्य सरकतो आणि इंजिन चालू होताच यान वळू लागते. पेटी मध्यापासून ४ ऐवजी १२ मीटरांवर ठेवली, तर वळण्याला तिचा विरोध नऊपट होतो.

उडताना पेट्या थरथरतात, एकमेकींत घुसतात, कधी उसळून भिंतीपार जातात. याची कारणे दोन. संगणक पेटीची जागा ३२-बिट फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांकी) संख्येत साठवत असेल, तर आरंभबिंदूपासून, म्हणजे खेळात जिथून अंतरे मोजतात त्या जागेपासून, १० लाख मीटरांवर अचूकता जेमतेम ६.२५ सेंटिमीटर उरते. तेव्हा आरंभबिंदू यानाबरोबर सरकवावा. दुसरे, शेकडो पेट्यांच्या टकरी एकाच वेळी मोजल्या जातात. जागेवर बसलेली पेटी यानालाच जोडून तिची स्वतंत्र हालचाल बंद करावी आणि उचलताच पुन्हा चालू करावी.

भाव साठ्यावर अवलंबून हवा. तो स्थिर ठेवला की सगळे एकाच मार्गावर फेऱ्या मारत बसतात. परतीचे भाडे मात्र हमखास देऊ नये. रिकामे परतायचे, कमी भाड्याचा माल घ्यायचा की थांबायचे, हा वाडीतल्या प्रत्येक ट्रकमालकासमोरचा प्रश्न खेळातही तितकाच रंगतो.

मध्येच कनेक्शन तुटल्यावर पेटी दुप्पट होणे किंवा गायब होणे, ही सर्वांत महाग पडणारी चूक. तिला उपाय बिल्टीचाच, म्हणजे ट्रकच्या मालासोबतच्या पावतीचा: प्रत्येक पेटीला सर्व्हरवर एक क्रमांक, एक मालक, एक जागा. उतरणीची नोंद आणि पैसे जमा होणे एकाच व्यवहारात व्हावे. एक फसले तर दुसरेही रद्द.