एल्डोराडो : नीट ऐकूच न आलेल्या मालिकेची पार्श्वभूमी

‘एल्डोराडो’चे सुरुवातीचे भाग आज पाहायला घेतले तर पहिल्या दहा मिनिटांतच कान त्रासतात. चित्र चांगलं आहे, ऊन खरंखुरं आहे, पण माणसं खोलीत शिरून बोलू लागली की शब्द भिंतीवर आपटून परत येतात. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या ब्रिटिशांवरची, बीबीसी वन या वाहिनीची ही मालिका 6 जुलै 1992 ला सुरू झाली आणि 156 भागांनंतर 9 जुलै 1993 ला संपली. ब्रिटनमध्ये तिचं नाव आजही फसलेल्या मालिकेचं उदाहरण म्हणून घेतलं जातं. दोष बहुधा कथेला किंवा नवख्या नटांना दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण मालिका ज्या घरांत चित्रित झाली ती घरंच तिला नडली आणि त्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही.

त्या किनाऱ्यावर ब्रिटिश पोचले कसे, हे थोडक्यात. 1959 च्या आर्थिक योजनेनंतर स्पेनने पर्यटनाला दारं उघडली आणि तोर्रेमोलिनोससारखी मच्छीमारांची गावं हॉटेलांनी भरली. 1966 ते 1970 या काळात ब्रिटिश प्रवाशाला परदेशी खर्चाला वर्षाला फक्त 50 पौंड नेता येत. ऑक्टोबर 1979 मध्ये परकीय चलनावरची बंधनं पूर्ण उठली, तेव्हा निवृत्तीची पुंजी तिकडच्या घरात घालणं सोपं झालं. त्याच सुमारास, 1978 पासून 1985 पर्यंत, दोन्ही देशांत गुन्हेगार हस्तांतरणाचा करार नव्हता, त्यामुळे पोलीस मागावर असलेली मंडळीही तिथे जाऊन राहिली. 1986 मध्ये स्पेन युरोपीय समुदायात आला. मालिकेतली सगळी पात्रं याच थरांतून येतात : पेन्शनवाले, बारवाले, घरं-गाड्या विकणारे आणि ज्यांच्या पैशांचा उगम कुणी विचारत नाही असे.

वाहिनीची गरज वेगळीच होती. 1985 पासून तिचा एक गप्पांचा कार्यक्रम सोमवार, बुधवार, शुक्रवारी संध्याकाळी सातला चाले आणि 1992 मध्ये तो थकला होता. लंडनच्या गरीब वस्तीवरची तिची मोठी मालिका मंगळवारी आणि गुरुवारी लागे. म्हणजे तीन मोकळे दिवस भरले की आठवड्याचे पाचही दिवस मालिका. प्रतिस्पर्धी वाहिनीची सर्वांत जुनी मालिका त्याच तीन दिवशी साडेसातला सुरू व्हायची, त्यामुळे सातचा अर्धा तास प्रेक्षक आधीच पकडून ठेवायला हवा होता. शिवाय ऑस्ट्रेलियातून आणलेल्या मालिकांनी उन्हात घडणारी कौटुंबिक कथा किती खपते हे दाखवून दिलं होतं. 1990 च्या ब्रिटिश प्रसारण कायद्याने ठरावीक कार्यक्रमांपैकी 25 टक्के बाहेरच्या निर्मात्यांकडून घेणं बंधनकारक केलं, आणि आठवड्याला तीन भागांचं काम बाहेर दिलं की त्या हिशेबात मोठी भर पडते. या सगळ्या गरजा एकाच प्रस्तावाने भागत होत्या. तयारीला वेळ मात्र तुटपुंजा मिळाला.

आता खऱ्या घरांत चित्रण करण्याच्या वादग्रस्त निर्णयाकडे. लंडनवाल्या मालिकेसाठी चौक मोकळ्या जागेत बांधलेला होता, पण घरातले प्रसंग स्टुडिओत होत. ‘एल्डोराडो’त मालागाच्या पश्चिमेला, समुद्रापासून आत डोंगरात असलेल्या कोईन गावाजवळ अख्खी वस्तीच उभी केली गेली. ‘लोस बार्कोस’ हे तिचं काल्पनिक नाव. बारही खरा बांधला, घरंही खरी, आणि आतले प्रसंग त्याच पक्क्या इमारतींत घेतले. खर्चाच्या दृष्टीने कल्पना बरी वाटते : बाहेरचं आणि आतलं चित्रण एकाच जागी, दोन युनिटं नकोत, दारातून आत-बाहेर करणारा कॅमेरा मिळतो.

स्टुडिओतल्या खोलीला तीनच भिंती असतात, त्याही प्लायवूडच्या, आणि वर छत नसतं. आवाज वर जातो आणि मऊ आवरणात जिरतो, घुमण्याचा काळ अर्ध्या सेकंदाच्या आत राहतो. दिवे वर टांगलेले, बूमवाला (लांब काठीवरचा माईक धरणारा) कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरून माईक वरून आणतो, चौथी भिंत नसल्याने तीन-चार कॅमेरे एकदम उभे राहतात. पक्क्या घरात हे सगळं उलटं होतं. चार भिंती, सपाट छत, फरशीवर टाईल्स, भिंतींवर चुना किंवा प्लॅस्टर. असा आवाज सहज एक सेकंदाहून जास्त घुमतो. स्वर ऐकू येतात, पण त, क, स अशी व्यंजनं आधीच्या अक्षराच्या शेपटीखाली दबतात, आणि वाक्य कळायला व्यंजनंच लागतात. म्हणूनच या भागांत आवाज वाढवून फायदा होत नाही. शब्द आणि त्याचं घुमणं दोन्ही सारखेच वाढतात.

यावर उपाय ध्वनी विभागातल्या कुणालाही ठाऊक असतात. टाईल्सवर जाड गालिचे, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या भिंतीवर गोधड्या किंवा फेल्ट, खिडक्यांना जड पडदे, टेबलाखालीसुद्धा कापड. पण स्पेनमधल्या उन्हाळी घरात गालिचे आणि जड पडदे दाखवले तर ते घर त्या जागेचं वाटत नाही, आणि जे दिसू द्यायचं नाही ते प्रत्येक कोनागणिक हलवावं लागतं. बूम तोंडाजवळ आणावा तर छत खाली, दिवे बाजूने, मग सावली भिंतीवर पडते. राहिला कपड्यांतला रेडिओ माईक. अंगात बनियन, पातळ फ्रॉक किंवा पोहण्याचा पोशाख असेल तर तो लपवायचा कुठे? लपवलाच तर कापड घासल्याची खरखर येते, आणि बाहेरच्या प्रसंगांत वारा व झाडांवरच्या किड्यांची किरकिर वेगळी. शेवटचा मार्ग म्हणजे नंतर डबिंग. आठवड्याला तीन अर्ध्या तासांचे भाग म्हणजे नव्वद मिनिटं, पाच दिवसांत रोज अठरा मिनिटं पडद्यावर यायला हवीत. सिनेमाच्या चित्रणात दिवसाला दोन-तीन मिनिटं झाली तरी युनिट समाधानी असतं. अठरा मिनिटांच्या कामात डबिंगला दिवस काढायचे कुठून?

प्रकाशाचंही तसंच. त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्याला दुपारची पांढरी भिंत आणि तिच्या सावलीतला चेहरा एकाच वेळी पेलत नसे. भिंत सांभाळली की चेहरा काळा, चेहरा उजळला की भिंत जळते. हा धडा त्याच वाहिनीला आधी मिळालेला होता. 1981 ते 1983 या काळात उत्तर समुद्रातल्या खऱ्या फेरीबोटीवर चित्रित झालेल्या मालिकेत बाहेरचा उजेड सतत बदलायचा, म्हणून केबिनचे पडदे ओढून काम करावं लागे. समुद्रावर जाऊन समुद्रच झाकायचा! दहा वर्षांनी पुन्हा खऱ्या जागेचा हट्ट धरला गेला, ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत खटकणारी बाब आहे.

त्यात भाषेची भर पडली. वस्तीत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन आणि डॅनिश माणसं होती आणि ती आपापसांत आपल्याच भाषेत बोलत. सबटायटल्स दिली गेली नाहीत. उद्देश प्रामाणिक होता : 1993 पासून युरोपची एकत्र बाजारपेठ होणार होती आणि परक्या गावात राहणाऱ्याला शेजाऱ्याचं बोलणं अर्धंच कळतं, तसंच प्रेक्षकालाही कळावं. हा धाडसी विचार आजही आवडतो. पण तो चालण्यासाठी जे कळायला हवं ते तरी स्वच्छ ऐकू यायला लागतं. इथे इंग्रजी संवादही घुमत होते, त्यामुळे न कळलेलं वाक्य मुद्दाम न कळणारं आहे की ध्वनीमुद्रणाने खाल्लं आहे, हे प्रेक्षकाला ठरवता येईना. जेवण उरकता उरकता टीव्ही पाहणारा माणूस अशा वेळी वाहिनी बदलतो. एका टप्प्यावर प्रेक्षकसंख्या 28 लाखांपर्यंत घसरली.

पुढची दुरुस्ती बरीच नीट झाली, आणि तिची दखल फार कमी घेतली जाते. काही महिन्यांतच निर्मितीची सूत्रं दुसऱ्या हाती गेली. न जमणारी पात्रं गावातून रवाना झाली, उरलेल्यांभोवती कथानकं घट्ट बांधली गेली, आवाज सुधारला. पहिल्या भागांत मध्यमवयीन ब्रिटिश गृहस्थ सतरा वर्षांची वधू घेऊन गावात येतो, तो धागा धक्का देण्यापलीकडे फारसा जात नाही. नंतरच्या महिन्यांत जुगाड करणारा व्यापारी आणि त्याची स्पॅनिश प्रेयसी यांची गोष्ट मात्र खऱ्या अर्थाने मालिकेसारखी चालते. प्रेक्षकही परतू लागले.

तरीही 1993 च्या मार्चमध्ये नव्या वाहिनीप्रमुखाने मालिका बंद करण्याचं जाहीर केलं. त्यांच्या बाजूने बोलायचं तर वेळ वाईट होती. नोव्हेंबर 1992 मध्ये सरकारने बीबीसीच्या भवितव्यावर चर्चापत्र काढलं होतं, ती ज्या सनदेवर चालते तिची मुदत 1996 मध्ये संपणार होती आणि टीव्ही पाहणाऱ्यांनी भरलेल्या परवानाशुल्काच्या पैशातून अशा मालिका का, हा प्रश्न रोज छापून येत होता. पण पैशाचा हिशेब तेवढा सरळ नाही. तेव्हा छापून आलेले आकडे धरले तर सगळा खर्च सुमारे 1 कोटी पौंड, त्यात वस्ती उभारण्याचे सुमारे 20 लाख. म्हणजे 156 भागांवर विभागला तर भागाला 64 हजार पौंड, आणि बांधकाम वजा केलं तर 51 हजार. बांधकामाचा खर्च एकदाच होतो. दुसऱ्या वर्षी प्रत्येक भाग पाचव्या हिश्श्याने स्वस्त पडला असता, तोही आवाज सुधारलेला आणि प्रेक्षक वाढत असताना. आमच्या मते निर्णय आधीच्या बदनामीवर झाला, त्या वेळच्या मालिकेवर नाही.

मोकळ्या झालेल्या वेळेचं काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. एप्रिल 1994 पासून लंडनवाल्या मालिकेचा तिसरा साप्ताहिक भाग सुरू झाला, तो सोमवारी. म्हणजे मालिकांचे दिवस वाढवण्याची मूळ कल्पना टिकली, फक्त ती घरच्या स्टुडिओत परतली.

ज्या जगाचं चित्रण केलं होतं तेही आता कायद्यानेच बदललं आहे. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्याने 2021 पासून निवासाचा हक्क नसलेल्या ब्रिटिश नागरिकाला दर 180 दिवसांत 90 दिवसच स्पेनमध्ये राहता येतं. बॅग घेऊन यायचं, बारमध्ये काम धरायचं आणि कागदपत्रं नंतर पाहू म्हणायचं, यावर उभी असलेली मालिकेतली निम्मी कथानकं आज लिहिताच येणार नाहीत.

ही मालिका प्रथमच पाहणाऱ्याने सुरुवातीपासून पाहू नये. 1993 चे भाग आधी घ्यावेत, हेडफोन लावून, म्हणजे निदान आपल्या खोलीचं घुमणं त्यात मिसळणार नाही. पात्रांची ओळख झाली की मग 1992 च्या जुलैकडे वळावं आणि तेव्हा बारमधल्या गर्दीच्या प्रसंगांकडे लक्ष द्यावं. माणसं भरली की कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, म्हणून तिथले संवाद कळतात. रिकाम्या घरात दोघंच बोलत असलेले प्रसंग मात्र दोनदा ऐकावे लागतात.