सगळ्यात हलका पंख महाग का पडतो?

विमानाचा पंख आखायचं काम संगणकाला दिलं आणि 'वजन कमीत कमी ठेव' एवढंच सांगितलं, तर तो ते इमानेइतबारे करतो. पत्र्याच्या प्रत्येक तुकड्याची जाडी निराळी, आणि पत्र्याला आतून बळकटी देणाऱ्या, पंखाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्ट्रिंजर, बारीक नि दाटीवाटीने बसवलेले. कारखान्यात मात्र प्रत्येक स्ट्रिंजरमागे रिव्हेटांची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांची, रांग वाढते. भोकं पाडा, साफ करा, सील लावा, तपासा.

दुखणं जुनंच आहे. अभियंते मिचेल यांनी 1904 मध्ये कमीत कमी साहित्यात भार पेलणाऱ्या चौकटींचं गणित मांडलं. त्या आकृत्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या देखण्या दिसतात. हुबेहूब बांधायला गेलं तर सांधे जोडण्यातच जन्म जाईल.

मग खर्चही गणितात घ्यावा की! पण वजन काढणं सोपं: आकारमान गुणिले घनता. खर्चाचं तसं नाही. किलोमागे अमुक खर्च, असं ढोबळ सूत्र वापरलं तर हलकं तेच स्वस्त ठरतं. प्रत्यक्षात अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेला भाग जितका हलका, तितका धातूचा कीस जास्त आणि मिलिंग मशीनचे तासही जास्त. सूत्र चक्क उलट दिशेला बोट दाखवतं. म्हणून रिव्हेट, कोरकामाचे तास, कार्बन फायबरचे थर असं एकेक काम मोजावं लागतं. त्यात विमानं किती बनणार हाही प्रश्न आहेच. राइट यांना 1936 मध्ये आढळलं की एकूण उत्पादन दुप्पट झालं की एका विमानामागचे श्रम साधारण 80 टक्क्यांवर येतात. (हे विमान उडवणारे राइट बंधू नव्हेत; हे थिओडोर राइट.)

मला यातली खरी गंमत वाटते ती आलेखाच्या आकारात. किमान वजनाच्या बिंदूपाशी वजनाचा आलेख पसरट भांड्याच्या तळासारखा जवळजवळ सपाट असतो. तिथून किंचित सरकून स्ट्रिंजर थोडे कमी, थोडे जाड केले, तर वजन जेमतेम वाढतं. खर्चाचा आलेख मात्र त्याच जागी उतरता असतो. आणखी सरकत गेलो की भांड्याची कड लागते आणि वाढलेल्या प्रत्येक किलोसाठी विमान आयुष्यभर इंधन जाळत राहतं. थांबायचं कुठे, हे त्या किलोच्या मोलावर ठरतं, आणि लांब पल्ल्याच्या विमानात ते मोल जास्त असतं.

स्ट्रिंजर किती, रिबमधलं (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांमधलं) अंतर किती, धातू की कार्बन फायबर, हे सगळं आराखड्याच्या सुरुवातीलाच ठरून जातं. खर्चाचा हिशेब त्यानंतर टेबलावर आला, तर घासाघीस करायला बोल्ट तेवढे उरतात.